जुन्या कॅम्पर व्हॅनच्या सीटचा ‘टक’ आवाज: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

फोम आणि कव्हर दोन ओळींत संपवतो. 40 डेन्सिटीचा फोम टाकला, रेक्झिनऐवजी जाडं सुती कापड लावलं, कारण नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या रेक्झिनवर हातही ठेववत नाही. दोन्ही आजपर्यंत उत्तम. माझा जीव अडकलाय सीटखालच्या चार बोल्टांत.

गाडी 2009 ची. 15 वर्षं भरल्यावर फिटनेस करून रजिस्ट्रेशन पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून घेतलं, म्हणून तिच्यावर खर्च करायची तयारी होती. ऑक्टोबरात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि आईची सीट ‘टक’ करून पुढे सरकली. सरकली दोनच बोटं, पण आईने डॅशबोर्डवर टेकवलेले हात परतवाडा येईस्तोवर काढले नाहीत.

नागपुरात पहिल्या गॅरेजने लांब बोल्ट घातले आणि 900 रुपये घेतले. आठवड्यात आवाज परत. विचारायला गेलो तर म्हणे, “जुन्या गाडीत एवढं चालतंच.” त्या सीटवर माझी आई बसते, तिथे एवढंही चालत नाही, हे मी तोंडावर सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

मग कामठी रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी सीट काढली, मॅट उचलली आणि स्क्रू ड्रायव्हरने पत्रा टोचत गेले. मागच्या डाव्या भोकापाशी टोक सरळ आत घुसलं. “बोल्ट काऊन कसून राहिले भाऊ? खालचा पत्राच सडला न.” भोक लांबट झालं होतं आणि पत्र्याला वेल्ड केलेलं नट बोल्टासोबत गरगर फिरत होतं. असा बोल्ट कितीही आवळा, पकड येणारच नाही. गंजाचं मूळ आमच्याच घरचं निघालं: सीटमागे ठेवलेला 20 लिटरचा पाण्याचा कॅन. त्याच्या तोटीचा थेंब थेंब मॅटखाली मुरत होता. कॅन आता मागच्या दाराशी, ट्रेमध्ये ठेवतो.

काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सडका भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला. प्रत्येक भोकाखाली 3 मिमी जाडीची तळहाताएवढी प्लेट दिली, म्हणजे ब्रेकच्या वेळची ओढ भोकाच्या कडेवर न येता आजूबाजूच्या पत्र्यात वाटली जाते. उघडा राहिलेला पत्रा प्रायमर मारून झाकला. बोल्ट मी स्वतः इतवारीतून आणले, डोक्यावर 8.8 कोरलेले. त्यातला पहिला 8 म्हणजे 800 मेगापास्कलपर्यंतचा ताण सोसून मगच तुटणारा. गॅरेजवाल्याच्या बोल्टांची डोकी कोरी होती! नट नायलॉनच्या रिंगवाले घेतले, धक्क्यांनी सहजी सैल होत नाहीत. मजुरीसकट 2,350 रुपये लागले आणि एकही रुपया जड वाटला नाही.

त्याच वेळी 1,400 रुपयांची नवी रेलची (सीट ज्यावर मागेपुढे सरकते ती पट्टी) जोडीही बसवली होती. दोन महिन्यांनी विचारलं असतं तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. दोघा मित्रांना घ्यायलाही सांगितलं. ते मत मागे घेतो. मे महिन्यात ‘टक’ परत आला, यावेळी बारीक. बोल्ट पक्के होते, रेलच्या लॉकचे दात झिजून गोल झाले होते. रेलचा पत्राच पातळ. दोघा मित्रांना त्याच रात्री फोन केले.

शेवटी भंगारातल्या याच मॉडेलच्या गाडीची मूळ रेल 500 रुपयांत मिळाली. घेण्याआधी एकेका दातावरून नख फिरवलं, कडा नखाला टोचत होत्या. डिझेलने धुतली, ग्रीस लावलं. तेव्हापासून रामटेक झालं, पेंच दोनदा झालं, आवाज नाही. आई आता घाटाशिवायही सीट हलवून बघते, मगच बसते.

प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली आहे. नट फिरलं की रेघ तुटते. काल भर पावसात मॅट उचलून पाहिली. पत्रा कोरडा. तीन रेघा सरळ, मागच्या डाव्या नटाची केसभर सरकलेली. रविवारी परत कामठी रोड.