जेल रोडच्या गल्लीत कॅसेटची फाईल करून घेतली: काकांची जर्मनीची कॅसेट आणि बेलामी ब्रदर्स

इंदूरमध्ये ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट माळ्यावर पडल्यात त्यांच्यासाठी लिहितोय, थोडं लांबलंय पण कामाचं आहे.

कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरच्या फाईलमध्ये उतरवून देणारं एक दुकान आहे, त्याला नाव नाहीये. म्हणजे असेल, पण बोर्ड नाही. जेल रोडला मोबाईलवाल्यांची सगळी गर्दी आहे ना, तिच्या मागच्या गल्लीत एक अरुंद जिना आहे, वर पहिल्या मजल्यावर एका खोलीत दुकानवाला भिया (इंदुरीत भैया) बसतो, समोर तीन कॅसेट डेक उघडे पडलेले, बाजूला एक जुनं हार्मोनियम. हार्मोनियम कशाला ते पुढे सांगतो.

आता कॅसेटबद्दल. माझे काका ७६ ते ८० जर्मनीत होते, श्टुटगार्टजवळ एका मशीनच्या कारखान्यात. भाड्याची खोली, रेडिओ घरमालकिणीचा, आणि काकांनी पहिल्या पगारातून एक छोटा मोनो रेकॉर्डर घेतलेला. रेडिओसमोर माइक धरायचा आणि गाणं लागलं की बटण दाबायचं, असा सगळा कारभार. त्यातली एकच नव्वद मिनिटांची कॅसेट उरली, बाकीच्यांवर नंतर घरच्या लोकांनी भजनं, सत्यनारायणाची कथा आणि माझ्या बारशाचा गोंधळ भरला. उरलेलीवर काकांच्या अक्षरात फक्त 'बेलामी' लिहिलंय. लहानपणी मला वाटायचं हे बेलामी लोक जर्मनच असणार, कारण कॅसेट जर्मनीहून आलेली.

तर ते जर्मन नाहीत, बेलामी ब्रदर्स ही अमेरिकेतली गाणाऱ्या भावांची जोडी. हॉवर्ड आणि डेव्हिड बेलामी, सख्खे भाऊ, फ्लोरिडातल्या डार्बी नावाच्या गावचे, घरची शेती आणि गुरं. वडील गावातल्या बँडमध्ये वाजवायचे, आणि संत्र्याच्या बागांमध्ये कामाला येणाऱ्या जमैकन लोकांची गाणी या पोरांच्या कानावर पडत होती, म्हणून त्यांच्या कंट्रीमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यांकडच्या गिटारवाल्या संगीतात, मधूनच तो बेटांवरचा ठेका लागतो. आधी धाकट्या डेव्हिडने लिहिण्यात भागीदारी केलेलं एक गाणं जिम स्टॅफर्ड नावाच्या गायकाने गायलं, ते १९७४ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं, त्या पैशांवर दोघं लॉस एंजेलिसला. आणि मग १९७६. 'लेट युवर लव्ह फ्लो'. हे गाणं त्यांनी लिहिलेलं नाही, लॅरी विल्यम्सने लिहिलं, तो नील डायमंड या मोठ्या गायकाच्या टूरवर सामान लावण्याचं काम करायचा, आणि डायमंडने ते गाणं नको म्हटलं होतं. १ मे १९७६ ला ते अमेरिकेच्या मुख्य चार्टवर, म्हणजे गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत, पहिलं होतं, एक आठवडा. ब्रिटनमध्ये सातवं. जर्मनीतही पहिलं.

गंमत अशी की त्यांच्याच देशातल्या कंट्रीच्या चार्टवर ते एकविसाव्या नंबरवर थांबलं. म्हणजे घरचे म्हणतात हे पॉप झालं बुवा, आणि बाहेरचे म्हणतात वा, काय अस्सल कंट्री! आपलं नाही का, पुण्याला गेलो की लोक म्हणतात तुमचं मराठी हिंदीसारखं आहे आणि इथे राजवाड्यावर भाव केला की भाजीवाला म्हणतो मराठी मॅडमना एक रुपया कमी. तसंच.

असो. काकांच्या कॅसेटच्या ए बाजूला हेच गाणं दोनदा आहे. एकदा इंग्रजी, आणि त्यानंतर दोन गाणी सोडून तीच चाल जर्मनमध्ये. दुसरा आवाज युर्गेन ड्रेव्स या जर्मन गायकाचा, गाण्याचं नाव 'आइन बेट इम कोर्नफेल्ड', म्हणजे धान्याच्या शेतात बिछाना. तेही त्याच वर्षी जर्मनीत पहिल्या नंबरावर होतं. विचार करा, एका वर्षात एकच चाल दोन भाषांत पहिली, आणि ज्यांनी मूळ गायलं ते दोघं हजारो मैल लांब. काका म्हणतात कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे जर्मनवालंच गुणगुणायचे, काकांना स्वतःला इंग्रजी जास्त आवडायचं कारण शब्द कळायचे.

मी ही कॅसेट आधी शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती, चकाचक स्टुडिओ, काचेचं दार, एसी. आठशे रुपये घेतले. चार दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला आणि ऐकलं तर काय, गाणी आहेत पण पाण्याखालून आल्यासारखी, कारण त्यांनी खरखर काढायच्या नादात सगळंच काढलं, आणि वर गाण्यांच्या मधलं सगळं बोलणं कापून टाकलेलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, सर फालतू आवाज होता, काढून दिला. काका काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, बरं झालं, आता जागा कमी लागेल. त्यांचं बरं झालं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग या भियाचा पत्ता मिळाला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने कॅसेट हातात घेतली, उन्हाकडे धरून आत बघितलं आणि म्हणाला, पॅड गिर गया है भिया, किसी ने ऐसे ही चला दी? कॅसेटच्या तोंडाशी मधोमध एक छोटी पितळी पट्टी असते आणि तिच्यावर नमद्याचा एवढासा चौकोन, मसुराच्या डाळीएवढा. तो टेपला हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. गोंद सुकला की तो पडतो, आणि मग टेप हेडला नीट चिकटतच नाही, आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. काचेच्या दारवाल्यांनी पॅड नसतानाच चालवली होती. म्हणजे निम्मी खराबी तिथेच, आणि उरलेली त्यांच्या सॉफ्टवेअरने केली.

पुढचं काम मी स्वतः बसून बघितलं. कॅसेट स्क्रूवाली नव्हती, चिकटवलेली होती, म्हणून त्याने पातळ ब्लेडने शिवण उघडली, दोन्ही चकत्या टेपसकट उचलून दुसऱ्या स्क्रूच्या खोक्यात ठेवल्या, त्या खोक्यात नवं पॅड होतं. हात अजिबात हलला नाही. मला तर तेव्हा श्वास घ्यायची पण भीती वाटत होती, नव्वदवाली टेप साठवालीपेक्षा पातळ असते, एक सुरकुती पडली की गेलं. मग डेकमध्ये लावून हेडच्या बाजूचा एक बारीक स्क्रू पेचकसाने केसभर इकडे, केसभर तिकडे. ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्या हेडचा तिरकेपणा आणि याच्या डेकचा तिरकेपणा जुळला नाही तर वरचे सूर दबतात. तो फिरवत होता आणि मी ऐकत होतो, आणि एका क्षणी गाण्याच्या शब्दांतला 'स'चा उच्चार एकदम टोकदार झाला, जसं चष्मा पुसल्यावर दिसतं तसं.

आणि हार्मोनियम. काकांचा रेकॉर्डर थोडा हळू फिरायचा, म्हणून नीट वेगाच्या डेकवर गाणं जवळजवळ अर्धा सूर वर लागत होतं, दोघं भाऊ शाळेतली पोरं वाटत होती. भियाने मोबाईलवर मूळ गाणं लावलं, पेटीवर त्याची पट्टी शोधली, सूर धरून ठेवला आणि डेकच्या मोटरचा वेग कमी करत करत तिथे आणून बसवला. सॉफ्टवेअरने पण होतं हे, मी म्हटलं, तर म्हणाला होतं, पण कानाने केलं की मला झोप लागते. लताबाई १९२९ साली ज्या गावात जन्मल्या, आणि ज्याच्या जवळ पिगडंबरला त्यांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे, तिथे कॅसेटवाला कानाने सूर लावतो, हे बरोबरच आहे म्हणा.

मी त्याला आधीच बजावलं होतं की मधलं काही कापू नकोस. तो म्हणाला मी कापतच नाही, एक फाईल जशीच्या तशी देतो, एक थोडी साफ करून, तुम्ही ठरवा. हे मला फार पटलं. ज्याला साफ करून पाहिजे त्याला साफ, ज्याला कच्ची पाहिजे त्याला कच्ची. दोन्ही बाजू सलग चालवाव्या लागतात, दीड तासाची कॅसेट दीड तासच घेते, त्यामुळे 'जरा लवकर करा ना' म्हणू नका, तो चिडतो.

आता त्या कच्च्या फाईलमध्ये काय निघालं ते. इंग्रजी गाणं संपतं, जर्मन निवेदक काहीतरी बोलतो, तेवढ्यात दारावर टकटक, एक बाई जर्मनमध्ये खेकसते, आणि सव्वीस वर्षांचे काका मराठीत म्हणतात, "अगं हो गं बाई, झालंच!" मराठीत! घरमालकिणीला! आणि त्याच्याही आधी, दीडेक सेकंद, तेच वाक्य अगदी पुसट ऐकू येतं, भुतासारखं. मी भियाला विचारलं हे काय, तर तो म्हणाला टेप पन्नास वर्षं एकावर एक गुंडाळून पडली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, पातळ टेपवर जास्त. काकांनी ते हेडफोनवर चार वेळा ऐकलं. काकूंनी एकदा ऐकलं आणि विचारलं, ही बाई कोण? काका म्हणाले घरमालकीण. काकू म्हणाल्या, तिला 'अगं' म्हणायचात का तुम्ही? इथे मी चहा करायला उठलो.

बी बाजू नंतरची, ७९ ची असावी, कारण तिच्यावर ते दुसरं मोठं गाणं आहे ज्याचं नाव एका ओळीएवढं लांब आहे. नाव म्हणजे ग्राउचो मार्क्स या अमेरिकन विनोदी नटाचा जुना विनोद, डेव्हिडने त्याचं गाणं केलं: तू दिसायला सुंदर आहेस असं मी म्हटलं तर मनात धरशील का, आणि त्याच शब्दांत दुसरा अर्थ, मला धरशील का. मराठीत 'धरणे' जवळजवळ पोचतं, पूर्ण नाही. १९७९ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये तिसरं गेलं आणि अमेरिकेच्या कंट्री चार्टवर त्यांचं पहिलं पहिल्या नंबरचं. मधली तीन वर्षं वाईट गेलेली, मोठ्या हिटनंतर पुढचं काही तसं चाललं नाही, दोघं लॉस एंजेलिस सोडून परत फ्लोरिडाच्या शेतावर. काका म्हणतात तेव्हा जर्मनीत कुणालाच वाटत नव्हतं की यांचं संपलंय, रेडिओवर पहिलं गाणं लागतच होतं.

आणि मला वाटतं या दोघांचं सगळं करिअरच असं आहे, एकीकडे संपलं वाटावं तर दुसरीकडे चालूच. नंतर अमेरिकेत कंट्रीमध्ये त्यांची एकूण दहा गाणी पहिली आली, १९८७ पर्यंत. मग तिथल्या रेडिओला नवी पोरं पाहिजे होती, तर यांनी नव्वदीत स्वतःची कंपनी काढली आणि युरोपात येत-जात राहिले. २०१० मध्ये गोलॅ नावाच्या स्विस गायकाबरोबर आपली गाणी पुन्हा गायली, नंतर ऑस्ट्रियाच्या डीजे ओट्झीबरोबर. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका कार्डाच्या जाहिरातीत, ज्यात एक माणूस ऑफिसातून घसरगुंडीवरून शहरभर घसरत घरी जातो, त्यात पहिलं गाणं वाजलं आणि बत्तीस वर्षांनी परत चार्टमध्ये आलं. मी स्विस रेकॉर्डिंग ऐकलंय. खरं सांगू, गिटार छान, पण आवाज पिकलेला आणि सगळं फार चोख, मला ते माइक धरून भरलेलंच बरं वाटतं. मोठ्या हिट दोन-तीन सोडल्या तर बरीच गाणी एकसारखी आहेत हे पण सांगतो, बी बाजूला मी दोनदा पुढे ढकललं.

खर्च: कॅसेटचे साडेतीनशे, नवं खोकं आणि पॅड दीडशे. फाईल वेव्ह आणि एमपी थ्री दोन्हीत. पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण जिना भयंकर आहे, काकांना वर नेता आलं नाही, आणि कारण पेनड्राइव्हवर फोल्डरचं नाव त्याने 'बेल्लारी ब्रदर्स' (ते कर्नाटकातले खाणवाले रेड्डी बंधू) टाकलंय. सांगितलं तर म्हणाला, वो भी तो साउथ के ही हैं ना. फ्लोरिडा दक्षिणेतच आहे, मग मी काय बोलणार.

जाताना कॅसेट डब्यात घालून न्या, खिशात नको, आणि सैल टेप गुंडाळायला एक पेन्सिल जवळ ठेवा. रविवारी बंद. दुपारी दोन ते चार झोपतो, दार वाजवू नका. मी पुढच्या आठवड्यात सत्यनारायणाची कथावाली घेऊन जाणार आहे, काका म्हणतात तिच्या शेवटी अजून थोडं श्टुटगार्ट उरलं असेल.