डायनो पुण्यात, गाडी सोलापुरात: जुन्या स्पोर्ट्स कारचं ट्यूनिंग कुठे करावं?

मित्राकडे १९६७ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. १७९८ सीसीचं इंजिन, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर. इंजिन नव्याने बांधून झालं आणि ट्यूनिंग कुठे करायचं हा प्रश्न आमच्यापुढे आला. वाइडबँड मीटर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) लावून इथल्याच, सोलापूरच्या रस्त्यांवर ट्यूनिंग करायचं, की अडीचशे किलोमीटरवर पुण्याला नेऊन गाडी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर चढवायची? आम्ही दोन्ही केलं. कुठलं काम कशाने होतं हे आधी समजलं असतं, तर पुण्याची एक फेरी वाचली असती.

मिक्श्चरचं, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं काम सोलापुरात होतं, आणि चांगलं होतं. सायलेन्सरच्या पाइपला, दोन्ही नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे, सेन्सरसाठी बॉस (आट्यांची बैठक) वेल्ड करून घ्यायचा. त्याआधी पाइपाची गळती काढायची, नाहीतर बाहेरची हवा आत शिरून मीटर खोटं ‘लीन’ (पेट्रोल कमी) दाखवतं. एसयूमध्ये पिस्टन वर-खाली होतो तशी निमुळती नीडल जेटमधून सरकते, म्हणजे प्रत्येक उंचीला पेट्रोलचं माप वेगळं. कुठल्या लोडवर मिक्श्चर लीन जातं हे मीटरने दाखवलं, की नीडल कुठे बारीक हवी ते कळतं. लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल जळायला नेमकी लागते तेवढीच हवा, १च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८५ ते ०.८८ आणि सपाट रस्त्यावर रमत चालताना १च्या आसपास, हे आमचं लक्ष्य होतं. मीटर लॅम्डावरच ठेवा. हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचंच इथेनॉल ते, पण जुन्या कार्ब्युरेटरला त्याची खबर नसते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर गाडी लीनच चालते. पूर्वी प्लगचा रंग बघून ‘बरोबर आहे’ म्हटलेली गाडी आज तशी असेलच असं नाही. रबरी पेट्रोल पाइपही याच निमित्ताने बदला.

रस्त्याची अडचण वेगळी आहे. तिसऱ्या गिअरला २००० ते ५५०० आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्यायला मोकळा रस्ता लागतो, आणि गळीत हंगामात विजापूर रोडला उसाच्या ट्रॉल्या असतात. मीटर वाचायला शेजारी माणूस बसवाच. चालवणाऱ्याने आकडे बघायचे नाहीत, यावर मी अडून बसतो.

आता इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी किती अंश आधी पडते ते. इथे वाइडबँड मुका आहे. टायमिंग २८ अंश असो की ३४, लॅम्डा जवळजवळ तोच दिसतो. फरक पडतो तो टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोरात. दोन-तीन टक्के टॉर्क वाढला की घटला हे पाठीला कळत नाही, कितीही वर्षं गाडी चालवली असली तरी. साठ वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या, आरपीएमप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या स्प्रिंगा आणि वजनं झिजलेली असतात. पुस्तकातला आयडलिंगचा आकडा टायमिंग लाइटने जुळला, तरी ४००० आरपीएमला काय होतंय याची खात्री नसते. यासाठी पुणं गाठावंच लागतं.

पण कुठल्या डायनोवर? आमची पहिली फेरी इथेच वाया गेली. तो निव्वळ इनर्शिया डायनो होता. जड ड्रम असतो, गाडी तो फिरवते, ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून टॉर्क काढतात. तुलनेचा ग्राफ छान मिळतो. पण इंजिन एका आरपीएमला धरून ठेवता येत नाही. दर बदलानंतर नवा रन. एडी करंट ब्रेकचा (विजेच्या चुंबकी ब्रेकचा) डायनो लोड देऊन गाडी ३००० आरपीएमला रोखून धरतो. मग डिस्ट्रिब्युटर दोन-दोन अंशांनी फिरवत टॉर्कचा आकडा बघायचा. तो वाढतो, वाढतो आणि एका जागी थबकतो. थबकला तिथेच थांबायचं, कारण त्यापुढे नुसती उष्णता आणि नॉकिंग (मिक्श्चर अवेळी पेटून होणारी टकटक). हेच अर्ध्या थ्रॉटललाही करता येतं, आणि रोजची गाडी तिथेच तर चालते. म्हणून फोनवर पहिला प्रश्न विचारा: लोड धरून ठेवता येतो का?

हॉर्सपॉवरच्या आकड्याने खचू नका. या इंजिनाचे कंपनीचे ९५ हॉर्सपॉवर फ्लायव्हीलवरचे होते. चाकांवर सत्तरच्या घरात दिसले तर इंजिन ठणठणीत आहे. करेक्शन, म्हणजे हवामानाप्रमाणे आकड्यात केलेली दुरुस्ती, कुठलं लावलंय तेही विचारा. एसएई जे१३४९ या मानकात हवा २५ अंश सेल्सिअसची धरतात. ४३ अंशांच्या दुपारी केलेल्या रनमध्ये फक्त तापमानापोटी साडेतीन टक्के वाढवून दाखवले जातात. आधीचा आणि नंतरचा रन एकाच डायनोवर, पाण्याचं तापमान सारखं असताना घ्या. डायनोसमोरचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही.

जाण्यापूर्वी कॉम्प्रेशन, टॅपेट, सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे संपर्क), दोन्ही कार्ब्युरेटरचं सिंक्रोनायझेशन आणि टायरचं वय बघून घ्या. जुने टायर रोलरवर तापून फुटू शकतात.

दोन हजार सालानंतरची इंजेक्शनची होंडा सिटी व्हीटेक किंवा पालिओ १.६ असेल आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) मूळचाच असेल, तर डायनोवर फार काही बदलता येत नाही. फक्त तपासणी होते. पैसे सेन्सर आणि इंजेक्टरच्या सफाईत घाला.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मिक्श्चर आधी इथे, मग लोडच्या डायनोवर अर्धा दिवस, फक्त टायमिंगसाठी आणि पूर्ण थ्रॉटलच्या खात्रीसाठी. एकच परवडणार असेल तर वाइडबँड घ्या, आणि टायमिंग जरा मागेच (ठिणगी थोडी उशिरा) ठेवा.

आम्ही सोलापूरची गड्डा यात्रा उरकल्यावर जानेवारीत पुण्याला गेलो होतो. थंड हवेत बसवलेलं टायमिंग मे महिन्यात तुळजापूर घाटाच्या चढाला टकटक करू लागलं. दोन अंश मागे घेतलं, आवाज बंद झाला. मिक्श्चरचं उलट असतं: गरम, विरळ हवेत कार्ब्युरेटर रिच होतो (पेट्रोल जास्त पडतं), म्हणून मेमध्ये अचूक केलेली गाडी डिसेंबरात लीन निघते. मिक्श्चर हिवाळ्यात ठरवा, टायमिंग उन्हाळ्यात, भर दुपारी, चढावर ऐकून.