रविवारी सकाळी येणारी बातमी: वर्षभर पैसे भरून वाचलं, त्याबद्दल

ज्या बातमीसेवेबद्दल लिहितोय तिचं नाव टाकत नाहीये, आधीच सांगतो. दोनच जणं चालवतात, एक इथलीच देवगडची मुलगी आणि दुसरा मुंबईतली नोकरी सोडून गावी आलेला, आणि मी थोडं वाकडंही लिहिणार आहे, तर उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. आमच्या पट्ट्यातल्या लोकांना दोन परिच्छेदात कळेलच कोण ते.

तर दर रविवारी सकाळी सातच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एक लेख येतो आणि सोबत तोच वाचून दाखवलेला ऑडिओ, पंधरा-वीस मिनिटांचा. आठवड्याला एकच बातमी, बस. महिन्याचे ७५ रुपये, वर्षाचे एकदम भरले तर ८००. जाहिरात नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत, भूमिपूजनाचे फोटो नाहीत. गेल्या गणपतीत भाऊ आला होता त्याने माझ्याच मोबाईलवरून पैसे भरायला लावले, मी म्हणलं अरे बातम्या फुकट पडल्यात ढिगाने, त्याच्यासाठी कोण पैसे देतं? तर म्हणाला एक महिना ऐक आणि मग बोल.

पहिला ऑडिओ मी लावला तेव्हा आई मागल्या पडवीत विळी घेऊन बांगडे साफ करत बसली होती. विषय होता आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबाचा. आता आमच्याकडे नेपाळी गुरखे म्हणजे काय नवलाई नाही, कातळावरच्या प्रत्येक मोठ्या बागेत एक पत्र्याची खोली आणि तिच्यासमोर वाळत टाकलेले कपडे दिसतातच, पण त्या खोलीत मी कधी डोकावलो नव्हतो, खरं सांगतो. ही मुलगी तिथे दोन रात्री राहिली होती. दिवसा वानरं हाकायची, रात्री बॅटरी घेऊन चोरांसाठी फेऱ्या मारायच्या, मधल्या वेळात फवारणीचा पाईप ओढायचा, हे सगळं होतंच. पण मला लक्षात राहिली ती सुतळी. त्या घरातली बाई पेट्या बांधायला जायची, आणि किती बांधल्या त्याचा हिशोब ठेवायला तिने सुतळीचा एक तुकडा खिळ्याला टांगला होता, दहा पेट्या झाल्या की एक गाठ. मालकाच्या वहीत आणि सुतळीत एक गाठ कमी-जास्त निघाली तेव्हा मालकाने सुतळी खरी धरली. आणि त्यांचा मुलगा, झेडपीच्या शाळेत तिसरीत, ऑडिओत त्याचा स्वतःचा आवाज आहे, "माका नेपाळी लिवूक येयना" म्हणतो. आई हसायला लागली आणि तेवढ्यात मांजराने एक बांगडा उचलला तरी तिचं लक्ष नाही.

दरवर्षी एप्रिलमध्ये आंब्याची बातमी ठरलेली असते, वाशी मार्केटला आवक इतकी, पेटीचा दर इतका, उन्हामुळे उत्पादन घटलं, बागायतदार हवालदिल. २०१८ मध्ये हापूसला जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हाही पानंच्या पानं आली. चुकीचं काहीच नाही त्यात. पण पेटी बांधली कुणी हे मला चाळीस वर्षं देवगडात राहून पहिल्यांदा त्या ऑडिओमुळे कळलं.

आणि नेमकं आमच्या तालुक्यात असं व्हावं याची गंमत वाटते. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर इथलेच, पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला पहिला अंक, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत, म्हणून ६ जानेवारीला पत्रकार दिन. त्या दिवशी हार घालणं होतं, भाषणं होतात, सत्कार होतात. यांनी यंदा त्या संध्याकाळी एका घराच्या खळ्यात लोकांना बोलावून वर्षातले तीन लेख नुसते वाचून दाखवले, पन्नासएक माणसं, चहा आणि कांदाभजी, माईक नाही. एक म्हातारे रापणकर (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढतात ती रापण) उठून म्हणाले की तुम्ही रापणीचं लिहिलंत त्यात वाट्यांचं चुकलं, जाळ्याचा वाटा वेगळा निघतो, माणसांचा वेगळा. आणि हिने तिथेच वही काढून लिहून घेतलं, पुढच्या रविवारी ऑडिओच्या सुरुवातीलाच दुरुस्ती. पेपरात दुरुस्ती आली तर कुठे असते, शोधून दाखवा मला.

बाकी टीव्हीचं काय बोलायचं. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, चिपळूण तालुक्यात, वीसच्या आसपास माणसं गेली. तुम्हाला काय आठवतं? खेकडे. मंत्री म्हणाले खेकड्यांनी पोखरलं, मग महाराष्ट्रभर जोक फिरले, आंदोलनात खेकडे नाचवले. वाहून गेली ती भेंदवाडी, हे नाव किती जणांच्या तोंडी आहे? मलाही परत बघावं लागलं, खोटं कशाला बोलू.

आता वाकडं. एक म्हणजे ऑडिओच्या मागे ती बासरी. कुणीतरी दुःखाचं सांगायला लागलं की बासरी सुरू. अरे बाबांनो, माणूस बोलतोय ना, त्याच्या मागे आपोआप कोंबडा ओरडतोय, लाटांचा आवाज आहे, बस झालं की तेवढं. रडायचं कुठे ते आमचं आम्हाला कळतं.

दुसरं जरा गंभीर आहे. हायवेच्या चौपदरीकरणात जागा गेलेल्या एका आजीवर लेख होता, भरपाईचे पैसे अडकलेत, अंगणातला फणस तोडला त्याचं वर्णन एक पानभर, आणि छान होतं, वाचताना डोळे भरले. पण पैसे अडकले का? सामाईक सातबारा, वारसांची सही राहिली, की ऑफिसातच फाईल पडून आहे? एक ओळ नाही. प्रांत ऑफिसला विचारलं का, त्यांनी काय सांगितलं, काहीच नाही. मी तसा मेसेज टाकला, जरा तिखटच टाकला. मला वाटलं ब्लॉक करतील. तर चौथ्या दिवशी त्या मुलाचा फोन, काका बरोबर आहे तुमचं, आम्ही परत जातोय. आणि खरंच गेले, दीड महिन्याने दुसरा भाग आला, त्यात कागद होते, तारखा होत्या, मुंबईतल्या एका पुतण्याची संमती राहिली होती म्हणून सगळं अडलेलं हे होतं. तो भाग कमी लोकांनी फॉरवर्ड केला म्हणे. मला विचाराल तर दोन्हीतला तोच भारी होता. फणस वाचून हळहळलो, पण आजीच्या पुतण्याला गावातून फोन गेले ते दुसऱ्या भागानंतर.

नुसतं मायेने लिहिणारे आता बरेच झालेत, रील काढून कोकणी म्हातारीच्या हातचे घावणे दाखवणारेही स्वतःला स्टोरीटेलर म्हणवतात. ही दोघं त्याच दारात परत जातात म्हणून माझे ८०० रुपये.

तिसरं, आणि हे लिहू की नको असं झालंय. जमिनीच्या व्यवहारांना हे लोक अजून हात लावत नाहीत. एजंट कोण, कुठले सडे (कातळाची माळरानं) कुणाच्या नावावर गेले, गावागावात सगळ्यांना माहीत असतं, वर्षभरात एक लेख नाही. मी खळ्यातल्या त्या संध्याकाळी विचारलं पण होतं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "काका, आम्ही दोघंच आहोत." यावर काय बोलणार. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांनी तिथल्या प्रस्तावित रिफायनरीला पाठिंबा देणाऱ्या एका जमीन व्यवहारवाल्याची बातमी छापली, त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, गाडीने त्यांच्या दुचाकीला उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि त्याच माणसावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. राजापूर आमच्यापासून काही लांब नाही. मी घरात बसून दोन पोरांना सांगू का की घाबरू नका म्हणून? पण मग वर्गणीदार वाढले, कुणी वकील सोबत उभा राहिला, तर कदाचित लिहितील. सध्या नाही लिहीत एवढं नोंदवून ठेवतो.

किरकोळ तक्रारी: ऑटोपेने एका वेळी पैसे दोनदा कापले (परत आले, आठवडा लागला). पावसात रेंज गेली की ऑडिओ उतरत नाही, फाईल लहान करा हो जरा. मालवणी बोलणं मराठीत "शुद्ध" करून लिहायचे सुरुवातीला, आता तसंच ठेवतात, ते बरं केलं.

ज्यांना पैसे भरायचे नाहीत त्यांनी निदान पारी वाचा, खेड्यापाड्यातल्या माणसांच्या बातम्यांची वेबसाइट, पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली, मराठीतही आहे आणि फुकट आहे. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे तिथे, लाखाच्या वर, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. आईला लावून दिल्या तर ती स्वतःच सोबत म्हणायला लागली, मला माहीतच नव्हतं तिला इतक्या येतात.

आमचं म्हणाल तर वर्गणी परत भरली, या वेळी मी नाही, आईने, पेन्शनमधून. तिला त्या तिसरीतल्या पोराचं पुढे काय झालं ते हवंय. आंबे संपल्यावर ती माणसं जूनमध्ये नेपाळला गेली, दिवाळीच्या आसपास परत येतात. दर रविवारी ऑडिओ सुरू झाला की आईचा पहिला प्रश्न, "इलो काय रे तो झील?"