मागचा बंपर: कापायचा, स्टीलचा लावायचा की तसाच ठेवायचा?

पुण्याच्या आसपास दगडमातीत जाणाऱ्या महिंद्रा थार, मारुती जिम्नी अशा जीप पाहिल्यात तर बहुतेक गाड्या पुढून ठीकठाक आणि मागून सोललेल्या दिसतील. यात चालवणाऱ्याचा दोष थोडा, जमिनीचा जास्त. वेल्हे, पाबे घाट, मुळशी, भोर, कुठेही उतरा. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या आणि ओढ्यांचे उभे काठ ठरलेलेच. काठ चढताना आपलं सगळं लक्ष पुढच्या चाकांवर असतं. ती वर गेली की आपण सुटलो म्हणतो, आणि नेमकी तेव्हाच मागची बाजू खाली बसते.

पैसे खर्च करण्याआधी एक ठरवा, की तुम्हाला बंपर वाचवायचाय की पत्रा? प्लास्टिकच्या बंपरवरचा ओरखडा हे नुकसान नव्हे, बंपर त्यासाठीच असतो. खरा खर्च पुढे निघतो. गाडी पुढे जाताना बंपरची खालची कड दगडात अडकली तर दगड तिला मागे ओढतो, क्लिपा तुटतात आणि कोपरा क्वार्टर पॅनेलपासून, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या बाजूच्या पत्र्यापासून उखडतो. रिव्हर्समध्ये उलट होतं. बंपर आत दाबला जातो आणि त्याचा कोपरा पत्र्याची कड दुमडतो. प्लास्टिक बदलता येतं. क्वार्टर पॅनेल बॉडीला वेल्ड केलेलं असतं. तिथे पोचा पडला की डेंटर, पुट्टी, रंग आणि जुळता न जुळणारा शेड, सगळं मागे लागतं.

म्हणजे उपाय दोनच. बंपर दगडाच्या वाटेतून बाजूला घ्या, नाहीतर दगडाला पुरून उरेल असा बंपर लावा. बाकी सगळी दुकानदारी.

आकड्यांत बघू. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून बंपरच्या सर्वात खालच्या कडेपर्यंत जो कोन होतो, तो डिपार्चर अँगल. तो जितका मोठा, तितकी मागची बाजू कमी घासते. कंपनीच्या कागदावर 2020 च्या थारचा 36.8 अंश, पाच दारांच्या जिम्नीचा 50 अंश. आता ढोबळ हिशेब करा. समजा बंपरची कड चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून 70 सेंमी मागे आणि जमिनीपासून 50 सेंमी वर आहे. कोन साधारण साडेपस्तीस अंश. खालून 8 सेंमी कापलं तर तो जवळपास 40 होतो. सस्पेन्शन 5 सेंमी उचललं तर मिळतात 38 च्या आसपास, आणि त्यासाठी स्प्रिंग, शॉक, अलाइनमेंट, वळणावरचा झोल हे सगळं पदरात. आणि तेवढाच वर बसवलेला स्टीलचा बंपर 6 सेंमी मागे डोकावत असेल तर 40 चे परत 37 होतात. धातू कोणता यापेक्षा आकार कसा, हे आधी विचारा.

कापण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दहातल्या आठ जणांना एवढंच पुरतं असं माझं मत आहे. गाडी ट्रेलवर एकदा घासून आली की धुवू नका. बंपरच्या खाली वाकून बघा. दगडाने कुठे चाटलंय ते पांढुरक्या रेघांवरून दिसतं. रेघा कोपऱ्यांवर असतील तर कोपरे, मधोमध असतील तर मधला भाग, तेवढंच जायला हवं. आत स्टीलची आडवी पट्टी, ब्रॅकेट, वायरिंग कुठपर्यंत आहे ते टॉर्च लावून पाहा आणि मगच मास्किंग टेपने रेघ आखा. दोन्ही बाजू नजरेने नाही, मेजपट्टीने जुळवा. मागे उभं राहून बघितलं की एका बोटाचा फरकही डोळ्यांत खुपतो. ग्राइंडर नको. त्याच्या वेगाने प्लास्टिक वितळतं आणि कापलेल्या जागी परत चिकटून लोळे धरतं. बारीक दात्यांची जिगसॉ कमी वेगात चालवा, नसेल तर हॅकसॉ ब्लेड, मग कानस आणि शेवटी कडेला यू-आकाराची रबरी बीडिंग. खर्च किरकोळ, वजन उलट कमी होतं, आणि गंजायला तिथे काही नसतं. आणखी एक फायदा म्हणजे ओढ्यातून निघाल्यावर बंपरच्या पोटात साठणारा चिखल आपोआप गळून पडतो.

तोटेही आहेत. जिम्नीत बंपरच्या मागे आडवा सायलेन्सर आहे, त्यामुळे प्लास्टिक गेलं की पुढचा दगड थेट त्याला भेटतो. शिवाय जिम्नीचे टेललॅम्प बंपरमध्येच बसवलेले आहेत, म्हणजे कापायला जागा मुळात दिव्यांच्या खाली जेवढी उरते तेवढीच. कारखान्यातूनच 50 अंश मिळत असताना सरळ रेषेत तिला फार गरजही नसते; घासतात ते कोपरे, तेही गाडी तिरकी उतरताना. थारचे दिवे बॉडीवर आहेत, त्यामुळे तिथे काम सोपं आणि फायदा जास्त.

स्टीलचा बंपर घ्यावा तो एका वर्गाने: जे मुद्दाम दगडांच्या घळीत घुसतात, बंपर टेकवून गाडी सरकवतात, आणि ज्यांना मागून ओढायला-उचलायला पक्की जागा हवी असते. अशांना प्लास्टिक कितीही कापलं तरी पुरत नाही. फार्म जॅक (गाडी उंच उचलणारा लांब दांड्याचा जॅक) लावायला स्लॉट आणि शॅकल (ओढायच्या पट्ट्याची लोखंडी कडी) अडकवायला जाड पट्टी, ही सोय कापलेल्या बंपरने होत नाही. पण यात बंपरपेक्षा त्याचे ब्रॅकेट बघायचे. भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये पाइप वाकवून झकास दिसणारा बंपर करून मिळेल. तो कशाला बोल्ट होणार हे विचारा. चॅसीच्या रेलला (गाडीच्या सांगाड्याच्या लांब पोलादी तुळईला), मूळ माउंटिंगच्या भोकांत, जाड पट्टीने बसत असेल तर बोला. बॉडीला कुठेही टेकत असेल तर दगडाचा मार स्टील स्वतः न झेलता पत्र्याकडे पाठवतं, म्हणजे जे टाळायला पैसे घातले तेच घरी आणलं. बंपर आणि क्वार्टर पॅनेलमध्ये बोट सहज जाईल एवढी फट हवीच, कारण अशा गाडीत बॉडी चॅसीवर रबरी माउंटवर बसलेली असते आणि दगडात दोन्ही वेगवेगळ्या हलतात. नुसत्या पाइपला वेल्ड केलेल्या हुकाला रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचा पट्टा कधीच लावू नका. ताणात वेल्ड सुटला तर तो लोखंडी तुकडा काचेतून आत येतो.

वजनाचा मुद्दाही आहेच. जिम्नी जेमतेम बाराशे किलोची. मागच्या चाकांच्याही मागे तीस-चाळीस किलो लटकवले की स्प्रिंगा बसतात आणि कमावलेला कोन थोडा परत जातो. पावडर कोटिंग दगडाने उडतंच. मुळशीचा पाऊस पुढचं काम करतो.

आणि शहराचं काय? आठवड्याचे पाच दिवस ही गाडी कर्वे रोडला दुचाकींच्या गर्दीत उभी असते. मागून हळू आपटणाऱ्या स्कूटरवाल्याला प्लास्टिक माफ करतं, स्टीलचा उघडा कोपरा त्याचा गुडघा फोडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये क्रॅश गार्ड आणि बुल बार (बंपरवर लावायचे लोखंडी गज) यांविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं, त्यामागे हीच काळजी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीत मनाजोगा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कागदावर कापणंही बदलच ठरू शकतो. स्टील मात्र लांबूनच नजरेत भरतं. काहीही करा, रिफ्लेक्टर, नंबरप्लेट आणि तिचा दिवा जागेवर हवेत. जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झालेत, तेही नव्या बंपरमध्ये चालले पाहिजेत. विमा कंपनीला लेखी कळवा. न सांगितलेला बदल हे क्लेम नाकारायला आयतं कारण.

तिसरा पर्याय, काहीच न करणं, तो स्वस्तातला म्हणून हिणवू नका. वर्षातून एखादवेळी पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला जाणाऱ्याने मूळ बंपर ठेवावा, काठ तिरका न चढता सरळ चढावा आणि मागे एक माणूस उतरवून उभा करावा. फुटलाच तर नवा प्लास्टिकचा बंपर लावायचा.

थार असेल आणि महिन्यातून एकदा तरी दगडात जात असाल तर कापा. जिम्नी असेल तर फक्त कोपरे कापा आणि उरलेल्या पैशात सायलेन्सरखाली संरक्षक प्लेट लावा. स्टीलचा विचार कापलेला बंपरही एका मोसमात उखडला तर करा. तो उखडलेला बंपर मात्र लगेच टाकून देऊ नका. स्टीलवाल्याला माप घ्यायला तो उपयोगी पडतो.