गोचिडाची ‘तीन महिन्यांची’ गोळी: नऊ महिने वापरल्यावर, आणि ते तीन महिने पूर्ण तीन महिने नाहीत

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या चिंगीला, आमच्या कुत्रीला, टिक फिव्हर म्हणजे गोचीड चावून होणारा ताप झाला. देशी आहे, पाच वर्षांची, आम्ही नाशिकला तळमजल्यावर राहतो आणि मागे झाडी. दोन दिवस पोळीला तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त तपासलं तर प्लेटलेट 62 हजार, जिथे निदान दोन लाख तरी पाहिजेत. एर्लिकिया निघाला, गोचिडातून येणारा जंतू. 28 दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, मध्ये सलाईन, परत परत रक्त तपासणी, सगळे मिळून अकरा हजारांच्या वर गेले. पैशापेक्षा ती उठून दारापर्यंतही येत नव्हती ते बघवत नव्हतं.

त्याआधी मानेवर सोडायचं फिप्रोनिलचं औषध दर महिन्याला लावायचो. त्याला लावायच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको असते, आणि पावसाळ्यात ही रोज दोनदा भिजून येणार, मग ते काय टिकणार. म्हणून बरी झाल्यावर डॉक्टरांनी फ्लुरालानर या गोचीड मारणाऱ्या औषधाची चघळायची गोळी सांगितली. पहिली गोळी 5 ऑक्टोबरला दिली. दोन हजारांच्या आसपास एक गोळी, मी काउंटरवर दोनदा विचारलं की एकच ना?

सुरुवातीला तर मला फसल्यासारखंच वाटलं. चौथ्या दिवशी कानामागे गोचीड! तशीच फोन केला, चिडूनच. डॉक्टर म्हणाले काढून बघा, जिवंत आहे का. मेलेला होता, वाळलेला. हे कुणी आधी सांगत नाही, की हे औषध रक्तात असतं, गोचीड चावला तरच मरतो, अंगावर चढायचा थांबत नाही. म्हणजे आजाराचा धोका शून्य होत नाही, पण तो फुगून खाली पडून अंडी घालायच्या आधी मरतो. आणि आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरातच भिंतीच्या फटीत राहतो, एक मादी हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे खरा फरक महिन्याभराने कळला. आधी संध्याकाळी पॅसेजच्या भिंतीवर चढताना दिसायचे, ते बंद झाले. आम्ही फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या आणि तिचं जुनं गोणपाट टाकून दिलं, त्याचाही वाटा आहे. फवारणीवाला बोलावणार असाल तर औषधात परमेथ्रिन आहे का ते आधी विचारा, मांजरांना ते विष आहे, आमच्या वरच्या मजल्यावर मांजर आहे म्हणून आम्ही फवारणी केलीच नाही.

आता माझा खरा मुद्दा. खोक्यावर लिहिलंय 12 आठवडे. काउंटरवर सांगतात तीन महिने. क्लिनिकचा मेसेज येतो तीन महिन्यांनी. 12 आठवडे म्हणजे 84 दिवस हो! 5 ऑक्टोबरपासून मोजलं तर 28 डिसेंबर. मला मेसेज आला 5 जानेवारीला, म्हणजे आठ दिवस उशिरा. आणि 3 जानेवारीला मला तिच्या बोटांच्या बेचक्यात तीन गोचीड सापडले, जिवंत, वाटाण्याएवढे फुगलेले. चिमट्याने काढले आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी हिरड्या बघत होते. ज्या घरात टिक फिव्हर होऊन गेलाय त्यांना विचारा ते पंधरा दिवस कसे जातात.

क्लिनिकमध्ये जाऊन सांगितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “ताई, आठ दिवसांनी काय होतंय, आणि सिस्टीममध्ये एक, तीन, सहा आणि बारा महिने एवढेच ऑप्शन आहेत.” मग त्या तीनच्या जागी 84 दिवस टाकून घ्या ना! जंताच्या औषधाला तीन महिने ठीक, रेबीजच्या लशीला वर्ष ठीक, पण जे आठवड्यात मोजायचं ते महिन्यात का मोजता? मी अर्धा तास तिथे उभी होते. शेवटी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले 85व्या दिवशी औषध एकदम बंद पडत नाही, हळूहळू उतरतं, पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि कार्डावर स्वतःच्या हाताने पुढची तारीख लिहून दिली, 5 जानेवारीपासून 84 दिवस म्हणजे 30 मार्च. तेव्हापासून ते दर वेळी तारीख लिहून देतात. मेसेज मात्र अजून महिन्यांनीच येतो.

खर्चाचं सांगायचं तर वर्षाला चार नाही, सव्वाचारच्या वर गोळ्या लागतात. दिवसाला चोवीस रुपये पडतात. मानेवरच्या औषधापेक्षा महागच आहे, ते मी नाकारत नाही. वजनाचंही नीट बघा. 10 ते 20 किलोला 500 मिलिग्रॅमची, त्याच्या वर 40 पर्यंत 1000ची. चिंगी आजारातून उठल्यावर 19.4 होती, डिसेंबरात 20.6. लहान गोळी स्वस्त पडते, माझ्या मनात आलं होतं चालवून घ्यावं, पण किलोला 25 मिलिग्रॅम तरी जायला पाहिजे आणि ते बसत नव्हतं. मोठी गोळी अर्धी करून दोन कुत्र्यांना देतात काही जण, तसं अजिबात करू नका, गोळी तोडायची नसते.

पहिल्या गोळीला एकदा उलटी झाली, नंतर जेवणाबरोबर दिली तर काही त्रास नाही. ज्यांच्या कुत्र्याला आधी कधी फिट आलीय त्यांनी डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय देऊ नका, फ्लुरालानरच्या गटातल्या औषधांनी फिट येऊ शकते अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, 2018 मध्ये दिलेली आहे.

चौथी गोळी 22 जूनला दिली. आता जुलै चालू आहे, बाहेर चिखल आणि गवत गुडघाभर, आणि मेलेले सोडून एकही दिसलेला नाही, गेल्या आठवड्यात प्लेटलेट 2 लाख 80 हजार आल्या. रिपोर्ट हातात घेऊन मी तिथेच बाकावर बसून रडले. पुढची तारीख 14 सप्टेंबर, नेमके त्याच दिवशी यंदा गणपती बसतात, दुकानं उघडी असतील-नसतील, म्हणून गोळी आत्ताच आणून तिच्या डब्यात ठेवलीय आणि कालनिर्णयवर त्या चौकटीत लाल पेनाने चिंगीचं नाव लिहिलंय.