जुन्या इंजिनाला कोणतं ऑइल: ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४० की २०डब्ल्यू-५०?

गाडीने दीड लाख किलोमीटर ओलांडले की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो: "आता जरा घट्ट ऑइल टाका." सल्ला सरसकट चुकीचा नाही, पण तो ओडोमीटरकडे बघून दिलेला असतो आणि तिथेच घोळ होतो. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं, हायवेवर चाललेलं इंजिन दोन लाखांनंतरही आतून धडधाकट असतं. ऑइलबदल चुकवत, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेलं इंजिन ऐंशी हजारांतच थकतं. त्यामुळे इंजिन ऑइल किती खातं आणि गरम झाल्यावर प्रेशर धरतं का, हे आधी बघा. ग्रेड त्यावरून ठरवा. इथे मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सांगितलेली पेट्रोल कार धरून बोलतो.

डब्यावरच्या दोन आकड्यांची कामं वेगळी आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी असतो: ५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची कसोटी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५वर, २०डब्ल्यूची उणे १५वर. मागचा आकडा इंजिन तापल्यावरचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलचा घट्टपणा मोजायचं एकक) या पट्ट्यात बसतं, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९ मध्ये.

झिजलेल्या इंजिनाला फायदा होतो तो फक्त मागचा आकडा वाढवल्याने. बेअरिंगमधली फट वाढली की तापलेलं पातळ ऑइल तिथून लवकर निसटतं, प्रेशर पडतं. ४० ग्रेड तिथे जास्त वेळ टिकते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा वाढवून जुन्या इंजिनाचं काहीच भलं होत नाही, उलट थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वरच्या कॅमपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि झीज नेमकी तेव्हाच जास्त होते. म्हणून ५डब्ल्यू-३० वरून उडी मारायची तर माझ्या मते ५डब्ल्यू-४० वर मारावी. १०डब्ल्यू-४० तापल्यावर त्याच पट्ट्यात असतं. ते बरंच स्वस्त मिळत असेल आणि कडाक्याची थंडी नसेल तर चालून जाईल, एवढंच.

मग ५डब्ल्यू-३० वरच कोणी राहावं? ज्याची गाडी ऑइल खात नाही त्याने. हे तपासायला गाडी सपाट जागी उभी करा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून परत घाला आणि खूण कुठे आली ते किलोमीटरसकट लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर अगदी तसंच पुन्हा बघा. बऱ्याच कारमध्ये वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. पातळी पाव अंतराहून कमी उतरली असेल तर ग्रेडला हात लावू नका. अर्ध्याच्या आसपास उतरली, म्हणजे हजार किलोमीटरला अर्धा लिटर गेलं, तर ५डब्ल्यू-४० वर जायला सबळ कारण आहे. काही कंपन्या एवढा खप मान्य धरतात, पण दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिक न बघणाऱ्या माणसाचं इंजिन याच खपाने कोरडं पडतं.

ऑइल जातंय कुठून, हे मात्र आधी बघाच. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट करताना निळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला, किंवा लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. वेग घेताना निळा धूर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. रबरी सील कडक झाले असतील तर जास्त चाललेल्या गाड्यांसाठी बनवलेलं हाय मायलेज ५डब्ल्यू-३० मला घट्ट ऑइलपेक्षा बरं वाटतं. त्यातली द्रव्यं सील मऊ करून किंचित फुगवतात. परिणाम दिसायला एखादा ऑइलबदल जावा लागतो. फाटलेलं गॅस्केट किंवा झिजलेली रिंग त्याने भरून येत नाही. रिंगा कार्बनने चिकटल्या असतील किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातले वायू बाहेर काढणारा) तुंबला असेल तर घट्ट ऑइलने खप फार तर थोडा झाकला जातो. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल पेट्रोल मिसळून पातळ होतंय. तिथे ग्रेड बदलण्याआधी इंजेक्टर तपासून घ्या.

२०डब्ल्यू-५० बद्दल माझं मत स्पष्ट आहे: सैल फटी ठेवून बनवलेल्या जुन्या धाटणीच्या इंजिनांना ते शोभतं, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या आधुनिक इंजिनात घालू नये. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी ही यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, तिच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या वाटा अरुंद असतात, बारीक जाळी असते. फार घट्ट ऑइलने ती सुस्तावते आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. शिवाय मायलेज घटतं. प्रेशर गेजचा काटा वर गेला म्हणून भुलू नका. घट्ट ऑइल पुढे सरकत नाही म्हणूनही दाब वाढतो.

तापलेल्या इंजिनात आयडलला ऑइलचा दिवा मिणमिणत असेल तर आधी गाडी बंद करून पातळी बघा. ती बरोबर असेल तर सेन्सरवर विसंबू नका, मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजून घ्या. प्रेशर जरासंच कमी असेल तर ५डब्ल्यू-४० वापरून बघा. त्यानेही दिवा विझला नाही तर ५० कडे वळू नका. पंप किंवा बेअरिंगचं काम निघालंय आणि त्या अवस्थेत गाडी चालवत राहिलात तर क्रँकशाफ्टही जाईल.

डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर ग्रेडच्याही आधी डब्यावर कमी राखेचं, उदाहरणार्थ एसीईए या युरोपीय मानकातलं सी३, ऑइल आहे का ते बघा. सी३ असलेल्या ५डब्ल्यू-३० ला १५० अंशांवर, जोराच्या घर्षणातही, किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद घट्टपणाची अट पाळावी लागते, आणि ५डब्ल्यू-४० साठीही किमान तेवढीच आहे. साध्या ३० ग्रेडला मात्र २.९ पुरतं. म्हणजे सी३ वापरणाऱ्याला बेअरिंगसाठी हवी ती ताकद बहुतेक वेळा आधीच मिळालेली असते, ४० वर जायची घाई नको. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलेलं इंजिन ऑइल खायला लागलं असेल तर एकच पायरी चढा, ३० ग्रेडपर्यंत.