तोनिन्यो ओर्ता: आठ महिने ऐकल्यावर

पहिले दोन महिने मी या ब्राझिलियन गिटारवाल्याला चुकीच्या जागी शोधत होतो. चुकीच्या नावानेही. 'टोनिन्हो होर्टा' असं चारचौघांत ठासून सांगायचो. पोर्तुगीजमध्ये शब्दारंभीचा 'एच' मुका असतो आणि 'एन'पुढे 'एच' आला की आपला 'न्य' होतो. म्हणून तोनिन्यो ओर्ता. तोनिन्यो म्हणजे धाकला आंतोनियो, आपल्याकडे अनंताचा अंत्या होतो तसा. जन्म १९४८चा, गाव ब्राझीलमधलं बेलो होरिझोंते. तिथले लोक म्हणतात 'बेलोरिझोंची', पण मी लिहिताना स्पेलिंगला धरूनच लिहितो, नाहीतर शोधताना कुणाला काही सापडायचं नाही.

चुकीची जागा म्हणजे काय, ते सांगतो. मी हौशी गिटारवाला. वीस वर्षं त्याच चार-पाच बोसा नोव्हा गाण्यांवर (सांबा आणि जॅझ यांच्या मिलाफातून आलेली ब्राझीलची हळुवार शैली) गुजराण चाललेली. 'ब्राझीलचा मोठा जॅझ गिटारिस्ट' एवढं ऐकून याच्याकडे वळलो आणि ओळखीची नावं बघून १९९२चा 'वन्स आय लव्हड' लावला. बासवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर बिली हिगिन्स. पीकॉक हा पियानोवाल्या कीथ जॅरेटच्या त्रिकुटातला, हिगिन्स सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनबरोबर वाजवलेला. जॅझवाल्याच्या तोंडाला पाणी सुटावं अशी जुळणी. अल्बम छान आहे, स्वच्छ आहे. पण मी सोलोची, म्हणजे एकट्याने रंगवायच्या तुकड्याची, वाट बघत बसलो. सोलो आले, गेले. गिटारच्या सुरात सूर मिसळून तो स्वतः वरच्या पट्टीत गुणगुणतो, ते गोड वाटलं. पण असं बोटं तोंडात घालायला लावणारं त्यात काय आहे, ते काही कळेना. महिनाभर तो अल्बम भांडी घासताना लावायचा अल्बम होऊन राहिला.

गाठ सोडवली बाबांनी. बाबा पेटी वाजवतात, साथीची. आयुष्यभर गवयाच्या डाव्या हाताला बसलेला माणूस. एका संध्याकाळी बाहेरच्या खोलीत याचं 'बेइजो पार्तिदो' लागलेलं होतं. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, याचा सा कुठाय? दर दोन मात्रांनी घर बदलतोय हा." मग थोडं ऐकून म्हणाले, "गाणाऱ्याकडे बघू नकोस. साथ ऐक. सगळी गंमत साथीत आहे."

सगळी गंमत साथीत आहे, हे कळायला मला अख्खा पावसाळा गेला होता. ओर्ता सोलोचा माणूस नाहीच. सुरावटीच्या खाली तो जे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, ठेवतो, ते ऐकायचे. हे डोक्यात बसल्यावर मी सगळे अल्बम पहिल्यापासून पुन्हा लावले.

सुरुवात १९७२च्या 'क्लूबे दा एस्किना'पासून करावी, असं आता मी सांगेन. अल्बम त्याचा नाही. मिल्टन नासिमेंतो आणि लो बोर्जेस या दोन गायकांचा आहे, दोन एलपींचा. पण ओर्ता त्यात गिटार वाजवतो, काही ठिकाणी बासही, शिवाय कोरसमध्ये आहेच. नावाचा अर्थ 'कोपऱ्यावरचा क्लब'. क्लब कसला, बेलो होरिझोंतेच्या सांता तेरेझा भागात दोन रस्ते जिथे मिळतात तो कट्टा! मिनास झेराइस हे राज्य डोंगरांचं आणि खाणींचं आहे, त्याला समुद्रच नाही. रिओच्या किनाऱ्यावरच्या बोसा नोव्हाचं हलकं वारं तिथल्या संगीतात नाही. जुन्या चर्चमधल्या गाण्याचा घुमारा आहे, बीटल्स आहेत, आणि ओर्ताच्या घरी बासवादक थोरल्या भावामुळे आलेलं जॅझही आहे.

याच अल्बममध्ये 'ओ त्रें आझुल' आहे, निळी आगगाडी. माझं वरचं बोलणं खोडून काढणारा सोलो यात आहे. छोटासा, गाता येईल असा, एक स्वर इकडचा तिकडे हलवता येणार नाही असा. गंमत म्हणजे मिनासच्या बोलीत 'त्रें' म्हणजे नुसती आगगाडी नव्हे. कुठलीही वस्तू, आठवत नसलेली कुठलीही गोष्ट म्हणजे 'त्रें'. आपण 'ते हे आण रे' म्हणतो त्यातलं 'ते हे'. तेव्हा निळी आगगाडी म्हणा, नाहीतर निळं ते हे. दुसऱ्या एका गाण्याच्या नावात 'जानेला' शब्द आहे, म्हणजे खिडकी. माझी आजी गोव्याची. ती पाऊस आला की "जनेल लाव" म्हणायची. तोच शब्द बेलो होरिझोंतेच्या पोरांच्या तोंडून ऐकताना मी गाणं थांबवून मागे नेलं होतं.

मग 'तेर्रा दोस पासारोस', पक्ष्यांची भूमी. कुणी एकच अल्बम विचारला तर हा. १९७६ साली मिल्टनच्या रेकॉर्डिंगसाठी ही मंडळी लॉस एंजेलिसला गेली होती. त्या अल्बममध्ये वेन शॉर्टर आणि हर्बी हॅनकॉक हे अमेरिकन जॅझमधले दिग्गजही आहेत. त्याच मुक्कामात ओर्ताने स्वतःच्या अल्बमला हात घातला. तो पुरा व्हायला मात्र काही वर्षं गेली आणि शेवटी त्याने तो स्वतःच्या हिमतीवर बाहेर काढला. साथीला 'ऑर्केस्ट्रा फांतास्मा', म्हणजे भुतांचा वाद्यवृंद. नाव काय ठेवलंय!

यातलं 'दोना ओलिंपिया' हे ओरो प्रेतो गावातल्या एका खऱ्या बाईवर आहे. रंगीबेरंगी कपडे, टोपीवर फुलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या गतवैभवाच्या गोष्टी सांगायची. गावात अशी एक तरी व्यक्ती असतेच. गाणं तिची टिंगल करत नाही. 'बेइजो पार्तिदो' म्हणजे तुटलेलं चुंबन. हेच गाणं मिल्टनने १९७५च्या 'मिनास'मध्ये गायलंय. दोन्ही लागोपाठ ऐका. मिल्टनचा आवाज तुम्हाला धरून ठेवतो, कॉर्डकडे लक्षच जात नाही. ओर्ताचा आवाज तसा साधाच, मधूनच कापरा. त्यामुळे खाली काय चाललंय ते दिसतं.

खाली काय चाललंय? डिसेंबरात मी ते कानाने उतरवायला बसलो. अर्धं चुकीचं उतरलं असणार, पण एक डाव पुन्हा पुन्हा सापडला. गिटारच्या वरच्या तारा मोकळ्या सोडायच्या आणि खाली डाव्या हाताचा आकार सरकवत राहायचा. करून बघा. सगळ्यात बारीक तार मोकळी वाजू दे, तो ई. खाली सी धरलात, म्हणजे सीला सा मानलंत, तर तो ई गंधार लागतो. खालचा सूर ए केलात तर तोच ई पंचम. डी केलात तर रिषभ. एफ केलात तर चक्क निषाद. तार तीच, बोटही लागलेलं नाही, आणि पायाखालची जमीन सरकली म्हणून तिचा अर्थ चार वेळा बदलला. बाबांना वाजवून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे सा हरवलेला नाही, हा त्याला घेऊन हिंडतोय." त्यानंतर त्यांनी पेटीवर प्रयत्न केला, भात्यावरचा हात थांबवून दोनदा बोटं मोजली आणि "आमच्यात हे पाप आहे" म्हणून झाकण लावलं.

१९८०चा 'तोनिन्यो ओर्ता' याच नावाचा अल्बम जास्त गुळगुळीत आहे, जास्त आनंदीही. दोन गाण्यांत अमेरिकन जॅझ गिटारिस्ट पॅट मेथेनी पाहुणा आहे. त्यातलं 'मानुएल, ओ औदास' म्हणजे धाडसी मानुएल. कुणी वीरपुरुष वाटेल, पण मानुएल ही मित्रमंडळींची जीपगाडी! शब्द लिहिणारा फेर्नांदो ब्रांत, त्याचीच ती. जुन्या गाडीवर इतकं हळवं गाणं लिहिणारी माणसं मला आपली वाटतात. मेथेनीवरून आठवलं, "हा तर मेथेनीसारखा वाजवतो" असं मला दोघांनी ऐकवलं. मेथेनीचा पहिला अल्बम १९७६चा, 'क्लूबे दा एस्किना' १९७२चा. कुणी कुणाचं ऐकलं असेल ते तुम्हीच ठरवा.

'डायमंड लँड' (१९८८) आणि 'मूनस्टोन' (१९८९) हे परदेशी बाजारासाठीचे. गाणी चांगली, पण त्या काळच्या कीबोर्डचं तूप इतकं वाढलंय की खालची भाकरी दिसत नाही. महिन्यातून एकदा पुरे.

'दुरांगो किड'ची कथा वेगळी. १९९३चा अल्बम, फक्त तो आणि गिटार. मला तो डिस्कवरच हवा होता, म्हणून बाहेरच्या एका विक्रेत्याकडून जुनी प्रत मागवली. सहा आठवड्यांनी आली. कव्हर दुरांगो किड, आतली डिस्क भलत्याच कुणाच्या ख्रिसमसच्या गाण्यांची. पैसे परत मिळाले, कस्टमचे अर्थातच गेले. शेवटी ॲपवरच ऐकला. आता वाटतं, 'तेर्रा दोस पासारोस'नंतर लगेच हाच घ्यावा. ड्रम्स नाहीत, बास नाही, लपायला जागा नाही. बोटं तारेवरून सरकतानाची किरकिर ऐकू येते. ताल तो मधेच सैल सोडतो, मग अंगठ्याने हळूच ओढून घेतो. गिटार शिकणाऱ्याला यातून जेवढं मिळेल तेवढं बाकी सगळे अल्बम मिळून मिळणार नाही. रात्री दहानंतर, हेडफोन लावून. लोकलमध्ये ऐकायचा प्रयत्न मी चार दिवस केला. व्यर्थ.

तक्रारी आहेत. त्याचा आवाज सगळ्यांना झेपणार नाही. बायकोला अजून झेपलेला नाही, ती म्हणते, "गिटार थांबली तरी चालेल, पण याला गप्प कर," आणि मी गाणंच बदलतो. एकच गाणं तो तीन-तीन, चार-चार अल्बममध्ये पुन्हा वाजवतो, त्यामुळे यादी दिसते त्यापेक्षा माल कमी आहे. ॲपवर कोण काय वाजवतंय याचा पत्ता लागत नाही, आणि साथ ऐकायची ठरवल्यावर नेमकं तेच हवं असतं. आणि तुम्हाला वेगवान, घामाघूम करणारी गिटार हवी असेल तर हा माणूस तुमच्यासाठी नाही. ब्राझीलचाच यामांदू कोस्ता ऐका, सात तारांची गिटार, वादळ नुसतं.

राहिला २०१९चा 'बेलो होरिझोंते'. त्याच भुतांच्या वाद्यवृंदाबरोबरचा, ज्यात बासरीवर त्याची बहीण लेना ओर्ता आहे. याला २०२० साली लॅटिन ग्रॅमी मिळालं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. दोन डिस्क आहेत. एकीत जुनी गाणी नव्याने केलेली, ती मी पुष्कळ ऐकली. आवाज आणखी कापरा झालाय आणि कॉर्ड आणखी मोकळे. दुसरी डिस्क नव्या गाण्यांची. ती आतापर्यंत तीनदाच ऐकली आहे, आणि तिसऱ्यांदा बाबांनी पेटीचं झाकण पुन्हा उघडलं, म्हणून तिच्याबद्दल इतक्यात काही लिहीत नाही.